खिडकीची काच बदलायची तर आधी खाच बघा

खिडकीची काच फुटली की सगळ्यांचं लक्ष काचेकडेच जातं, पण खरं सांगायचं तर या अख्ख्या कामात काच हाच सगळ्यात सोपा भाग आहे. माप दिलं की कापून मिळते, आणली की बसवायला फार वेळ लागत नाही. वेळ खातं ते बाकीचं सगळं, म्हणजे वाळून दगड झालेली जुनी लांबी, म्हणजे काच खाचेत धरून ठेवणारी पुट्टी, खरवडणं, खाच साफ करणं, गंज काढणं, प्राइमर मारून तो वाळू देणं, आणि लोक नेमकं हेच गाळतात कारण घरात वारा येतोय, पाऊस येतोय, घाई असते. मग नवीन काच पहिल्याच जोराच्या पावसात खालून गळते, नाहीतर काही महिन्यांत परत त्याच कोपऱ्यातून तडकते आणि बोल लागतो काचेला. म्हणून मी इथे काचेपेक्षा ती जिथे बसते त्या खाचेबद्दल जास्त लिहिलंय, आणि रंगाबद्दल पण, कारण खिडकीचा रंग नुसता दिसण्यासाठी नसतो, पाणी अडवायचं अर्धं काम तोच करतो.

स्वतः करायचं की माणूस बोलवायचा

तळमजल्याची खिडकी असेल किंवा पल्ला काढून आत जमिनीवर घेता येत असेल तर बिनधास्त करा. वरच्या मजल्यावर बाहेरच्या बाजूने लोंबकळून करायचं असेल तर नको, तिथे सरळ माणूस बोलवा. तावदान मोठं असेल तर वजनाचा हिशोब आधी करून बघा: १ चौरस मीटर काचेचं दर १ मिमी जाडीला अडीच किलो वजन भरतं, म्हणजे ४ मिमीची चौरस मीटरभर काच १० किलो आणि ६ मिमीची १५ किलो. एवढं धारदार ओझं घेऊन एकट्याने शिडीवर चढायचं नसतं, दोन माणसं लागतातच.

दोन काचांच्या मध्ये हवा बंद केलेली डबल ग्लेझिंगवाली खिडकी असेल तर घरी त्यातली एकच काच बदलता येत नाही, ते युनिट सील होऊनच येतं आणि पूर्णच बदलावं लागतं. दोन काचांच्या आत धुकं धरलंय, आतून बाहेरून कितीही पुसलं तरी जात नाही, असं झालं तर समजायचं सील गेलं. मधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात, सील फाटलं की ते ओलीने भरतात आणि मग धुकं दिसायला लागतं. भोक पाडून आतून वाळवायचे उपाय लोक करतात, काच स्वच्छ दिसतेही, पण गेलेलं सील काही त्याने परत येत नाही.

काच का फुटली ते आधी बघा

बॉल लागला, दगड आला, दार आपटलं तर प्रश्न नाही, तिथे एक मार बसलेली जागा दिसते आणि तिथून चारी बाजूंना तडे गेलेले असतात. पण कुणी हात न लावता काच तडकली असेल तर जरा थांबा, तुकडे काढायच्या आधी तडा कुठून निघालाय ते नीट बघा आणि फोटो काढून ठेवा.

तडा काचेच्या कडेपासून सरळ काटकोनात निघून मग पुढे वाकडातिकडा गेला असेल तर तो बहुतेक उष्णतेचा. काचेचा मधला भाग उन्हात तापतो, कड मात्र चौकटीत झाकलेली असल्यामुळे थंडच राहते, मधला भाग पसरायला बघतो आणि कडेवर ताण येतो. त्यात कडेला आधीच टवका उडालेला असेल तर तिथूनच सुरुवात होते. काचेवर गडद फिल्म चिकटवली, आतून जाड पडदा अगदी काचेला टेकवून ठेवला किंवा एसीचा थंड झोत थेट तापलेल्या काचेवर सोडला की हा ताण वाढतो. अशी काच बदलताना नवीन काचेची कड घासून घेणं आणि चारी बाजूंना मोकळी जागा सोडणं महत्त्वाचं, नाहीतर नवीन काच पण त्याच वाटेने जाणार.

तडा कोपऱ्यातून किंवा एखाद्या खिळ्यापासून निघाला असेल तर चौकट काचेला दाबतेय. लाकडी खिडकीत लाकूड फुगतं, पल्ला वाकतो. लोखंडी खिडकीत तर गंज हाच मोठा गुन्हेगार. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, खाचेत ती जागा असतेच कुठे, मग तो काचेलाच रेटतो आणि एक दिवस कुणी काही न करता काच फुटते. इथे नुसती काच बदलून काहीही होणार नाही, गंज काढावाच लागतो.

आणि टफन काच, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच, अचानक फटकन फुटून तिचे छोटे छोटे दाणे झाले असतील तर त्यालाही कारण असतं, भुताटकी नाही. काच बनवताना निकेल सल्फाइडचा बारीकसा कण आत राहून गेला तर तो काही काळाने फुगतो आणि आधीच ताणात असलेली टफन काच आतून फुटते. टफन काचेची कड कुठे धातूला ठोकली गेली असेल तरी ती नंतर कधीतरी अशीच जाते.

नुसता तडा असेल तर

एक प्रामाणिक गोष्ट, साध्या काचेचा तडा कायमचा बुजवता येत नाही. तात्पुरतं काम चालवता येतं. छोटा तडा असेल, तावदान लहान असेल आणि हात लागणार नाही अशा जागी असेल तर काच कोरडी आणि स्वच्छ करून पातळ पारदर्शक इपॉक्सी तड्यावर सोडायचं, ते आत ओढलं जातं, वर आलेलं वाळल्यावर ब्लेडने अलगद तासायचं. दिसायला बऱ्यापैकी होतं आणि पाणी आत येत नाही. गाडीच्या पुढच्या काचेसाठी जे किट मिळतं ते मुळात लॅमिनेटेड काचेसाठी असतं, त्या काचेत दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो म्हणून तिथे ते नीट चालतं, खिडकीच्या साध्या काचेवर तेवढा भरवसा ठेवू नका.

एवढंही जमत नसेल तर दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक टेप लावून ठेवा आणि काच आणायच्या तयारीला लागा. तडा गेलेली काच दाबून, ठोकून बघू नका, पल्ला आपटू नका, आणि लहान मुलं तिथे खेळत असतील तर वाट बघत बसायचं नाही, लगेच काढून टाकायची.

फुटलेली काच काढताना

जाड हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, पायात बंद बूट. चप्पल नको. हे वाचून सगळे हो म्हणतात आणि चप्पल घालूनच उभे राहतात. मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत, खिडकीच्या दोन्ही बाजूंना जुनी चादर किंवा ताडपत्री अंथरा, बाहेरच्या बाजूला कुणाची ये-जा असेल तर एक माणूस उभा करा.

काच फुटूनही जागेवर असेल तर दोन्ही बाजूंनी टेपच्या आडव्यातिडव्या पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे तुकडे एकत्र राहतात. मग शक्य असेल तर पल्ला बिजागऱ्यांवरून काढून जमिनीवर जुन्या गोधडीवर आडवा ठेवा, निम्मा त्रास तिथेच संपतो. पल्ला निघत नसेल तर तुकडे नेहमी वरून खाली काढत यायचे, आधी वरच्या कडेला लटकलेले, मग बाजूचे, खालचे शेवटी. उलटं केलं तर खाली हात असताना वरचा तुकडा सुटून मनगटावर येतो, आणि काचेच्या कामातल्या वाईट जखमा अशाच होतात. घट्ट बसलेला तुकडा ओढायचा नाही, त्याच्या बाजूची लांबी आधी काढायची मग तो आपोआप ढिला होतो, पकडीने धरून अलगद हलवला की निघतो.

तुकडे जाड कागदात गुंडाळून खोक्यात भरा, टेपने बंद करा आणि वर मोठ्या अक्षरात काच असं लिहा, कचरा उचलणाऱ्याच्या हाताचा पण विचार करा. बाटल्यांच्या काचेत हे तुकडे टाकू नका, खिडकीच्या काचेची घडण वेगळी असते, वितळायचं तापमान वेगळं असतं, त्यामुळे बाटल्यांच्या भट्टीत ती चालत नाही. जमिनीवरचा बारीक चुरा झाडून पूर्ण जात नाही, ओला कागद दाबून दाबून उचला, आणि शेवटी खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवी मारा, राहिलेला प्रत्येक कण चमकतो.

आता खाच

इथे वेळ द्या. जुनी लांबी पटाशी आणि हातोडीने काढायची, पटाशी लाकडाला समांतर धरायची म्हणजे लाकडात घुसत नाही. लांबीच्या आड छोट्या चुका, म्हणजे बारीक खिळे, किंवा बिनडोक्याचे खिळे ठोकलेले असतात, ते आधी शोधून पकडीने उपटा नाहीतर पटाशीची धार गेलीच म्हणून समजा. फारच कडक असेल तर हॉट एअर गनने मऊ करता येते, पण शेजारच्या तावदानात चांगली काच असेल तर तिच्यावर गरम हवा जाऊ देऊ नका, एका ठिकाणी तापली की ती पण तडकते आणि एकाच्या दोन काचा आणाव्या लागतात.

खिडकी खूप जुनी असेल तर जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चला. असा रंग कोरडा घासायचा नाही, जाळायचा नाही, जोरात तापवायचा पण नाही, पाणी मारून ओला करून खरवडायचा, तोंडाला चांगला मास्क लावायचा, खरवडलेलं सगळं गोळा करून पिशवीत बांधायचं आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना त्या दिवशी तिथे थांबूच द्यायचं नाही.

खाच साफ झाली की बोटाने नाही, पटाशीच्या टोकाने लाकूड टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. खालच्या आडव्या पट्टीचे दोन कोपरे हमखास कुजतात कारण पाणी तिथेच साचतं. थोडं कुजलं असेल तर मऊ भाग कोरून काढा, वाळू द्या, लाकूड कडक करणारं हार्डनर पाजा आणि दोन भाग मिसळून होणाऱ्या इपॉक्सी फिलरने भरा. जास्त कुजलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन लाकूड जोडायला सुताराला सांगा, फिलरवर फिलर चढवून लाकूड तयार होत नाही.

मग प्राइमर. उघडं कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं, आणि तेल गेलं की लांबी भुसभुशीत होऊन वर्षा दोन वर्षांत सोलून पडते. जुन्या खिडक्यांची लांबी तुकड्या तुकड्याने गळते त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. म्हणून खाचेला वुड प्राइमरचा एक हात द्या किंवा जवसाचं तेल थोडं टर्पेंटाइन घालून पातळ करून चोळा आणि मुरू द्या. लोखंडी खिडकी असेल तर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत गंज काढा, धूळ पुसा, आणि त्याच दिवशी गंजरोधक प्राइमर मारा, रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट. उद्या मारू म्हणून सोडलं तर दमट हवेत रात्रीतून परत लाली येते.

माप आणि काच

रुंदी तीन ठिकाणी मोजा, वर मधे खाली. उंची पण तीन ठिकाणी. प्रत्येकातलं सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून ३ मिमी वजा करा, म्हणजे साधारण एक सूत. दोन्ही बाजूंना मिळून एवढी मोकळी जागा काचेला पसरायला हवी. कारागीर जेव्हा काच टाईट बसली पाहिजे असं म्हणतो तेव्हा मला काळजी वाटते, काच टाईट बसायला नकोच असते, ती खाचेत सैल उभी असावी आणि घट्टपणा लांबीने किंवा रबराने यावा.

दोन्ही कर्ण पण मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. फरक आला तर पुठ्ठ्याचा साचा खाचेत बसवून बघा, नीट बसेपर्यंत कापा, आणि तोच साचा काचवाल्याला द्या, कुठली बाजू बाहेरची आणि कुठली वरची ते लिहून. बाथरूमची डिझाइनवाली काच असेल तर ती नक्षी उभी की आडवी हे पण सांगा, हे विसरलं की शेजारी शेजारी दोन तावदानं वेगळीच दिसतात.

लहान तावदानाला ३ किंवा ४ मिमी चालते, मोठ्याला ५ किंवा ६. पण जाडीपेक्षा प्रकार महत्त्वाचा. दारातली काच, दाराच्या अगदी शेजारची, जमिनीलगतची आणि बाथरूममधली काच साधी घेऊ नका, टफन किंवा लॅमिनेटेडच घ्या. साधी काच फुटली की लांब सुऱ्यासारखे तुकडे होतात, टफनचे बोथट दाणे होतात, लॅमिनेटेड फुटली तरी मधल्या पडद्याला चिकटून जागेवर राहते. एक लक्षात ठेवा, टफन काच एकदा टफन केली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड पण तासता येत नाही. माप चुकलं तर ती काच वाया, म्हणून टफनची ऑर्डर देताना माप दोन माणसांनी वेगवेगळं घ्या.

साधी काच घरी कापता येते. टेबलावर चादर, वर काच, काच पुसून घ्यायची, कटरच्या चाकाला रॉकेलचा किंवा पातळ तेलाचा थेंब, पट्टी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच ओढ. सारखा कर्रर्र आवाज आला पाहिजे. त्याच रेघेवर परत कटर फिरवायचा नाही, त्याने कटर पण जातो आणि काच पण वाकडी तुटते. रेघ टेबलाच्या कडेवर आणून लगेच खाली दाबायची. पण आयुष्यात दोन तावदानं बदलायची असतील तर कशाला, दुकानातून कापून आणि कड घासून आणा. कड घासलेली नसेल तर वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, ओला करून हलक्या हाताने फिरवा, कोरडा नको, काचेची धूळ छातीत जाते.

लाकडी खिडकीत बसवणं

लांबी तयार मिळते, घरी पण करता येते, बारीक चाळलेली खडू पावडर आणि जवसाचं तेल, बास एवढंच. मळून मळून हाताला न चिकटणारी पण भेगा न पडणारी झाली पाहिजे. चिकटत असेल तर पावडर, फुटत असेल तर तेल. लोखंडी खिडकीची लांबी वेगळी असते बरं का, लोखंड तेल पीत नाही त्यामुळे साधी लांबी त्यावर नीट वाळतच नाही, धातूसाठीची वेगळी मागून घ्या.

आधी खाचेत आतून २ ते ३ मिमी जाडीचा लांबीचा थर सगळीकडे दाबून लावा, ही गादी. खालच्या बाजूला दोन ठिकाणी, कोपऱ्यापासून साधारण रुंदीच्या पाव अंतरावर, छोटे रबराचे किंवा प्लास्टिकचे ठोकळे ठेवा, काच त्यांच्यावर उभी राहिली पाहिजे, थेट लाकडावर किंवा लोखंडावर नाही. मग काच आधी खालून टेकवून हळूहळू वर ढकला, आणि दाबायचं ते फक्त कडांवर. मधे दाबलं की संपलं. आतल्या बाजूने लांबी सगळीकडून थोडी थोडी बाहेर आली म्हणजे कुठे पोकळी राहिली नाही, आलेली जास्तीची लांबी नंतर कापायची.

काच धरून ठेवायला दर २० सेंटीमीटरला एक छोटी चूक लाकडात ठोका. हातोडी काचेवरून घसरत न्यायची, उचलून मारायची नाही, आणि मधे पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा. पटाशीची चपटी बाजू काचेवर सपाट ठेवून तिने मारलं तर अजून सोपं जातं. चूक काचेला नुसती टेकली पाहिजे, दाबली नाही पाहिजे.

आता बाहेरून लांबी. हातावर वळी करून खाचेत अंगठ्याने दाबत जा, मग पुट्टी नाइफ ४५ अंशात धरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच दमात ओढा. उतार बाहेरच्या बाजूला झाला पाहिजे म्हणजे पाणी घरंगळून जातं. लांबीची वरची रेघ आतल्या लाकडाच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा, साधारण २ मिमी, ही जागा रंगासाठी सोडायची आहे, कशाला ते पुढे येतंच. नाइफ चिकटत असेल तर पाण्यात बुडवून घ्या. पहिल्या कोपऱ्यात हात बसत नाही, चौथ्यापर्यंत बसतो, मग पहिला काढून परत करा, ओली लांबी परत वापरता येते.

काचेवरचे तेलाचे डाग कोरडी खडू पावडर टाकून मऊ ब्रशने घासले की जातात. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्यांकडे दुर्लक्ष करू नका, या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर तेल वाळताना गरम होतं आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

लांबीऐवजी काच धरणाऱ्या बारीक लाकडी बिडिंग पट्ट्या असतील तर काम हलकं. पट्टी मधून उचकटायला सुरुवात करायची, कोपऱ्यातून नाही, कारण कोपऱ्यात ती अडकलेली असते आणि मोडते. काढलेल्या पट्ट्यांच्या मागे वर, खाली, डावी, उजवी लिहून ठेवा, परत जागच्या जागी जातात.

ॲल्युमिनियमची सरकती खिडकी

पल्ला दोन्ही हातांनी वर उचला, वरच्या ट्रॅकमध्ये जागा असते, खालचं टोक ट्रॅकच्या बाहेर आलं की आपल्याकडे ओढून काढा. उचलला जात नसेल तर वर कुठेतरी अडवणारा ठोकळा किंवा स्क्रू आहे तो काढा, किंवा खालच्या बेअरिंगचा स्क्रू फिरवून बेअरिंग आत घ्या. पल्ल्याच्या कोपऱ्यांचे स्क्रू काढून एक बाजूची पट्टी सुटी केली की काच रबरासकट बाहेर येते. जुनं रबर कडक झालं असेल तर परत वापरू नका, नवीन घ्या, पण तीच जाडी बघून, काचेची जाडी बदललीत तर रबराची पण बदलते. रबर ताणून लावायचं नाही, ताणलं की काही दिवसांत आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते, उलट थोडं लांबच कापून दाबून बसवा.

पल्ला बाहेर आहेच तर ट्रॅक साफ करा आणि पाणी बाहेर जायची छोटी भोकं तारेने मोकळी करा. खिडकी गळते म्हणून सिलिकॉन मारत सुटणाऱ्या लोकांनी हीच भोकं बुजवलेली मी पाहिली आहेत, मग पाणी ट्रॅकमध्ये साचून घरात येणार नाही तर काय होणार.

सिलिकॉन लागलंच तर वास घेऊन ओळखा. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसिडवालं, ते धातूला खातं आणि लॅमिनेटेड काचेची कड पण धूसर करू शकतं. न्यूट्रल सिलिकॉन घ्या. वरून थोड्या वेळात साय धरते पण आत दिवसाला दोन तीन मिमी याच वेगाने वाळतं, तोवर पल्ला आपटू नका. आणि सिलिकॉनवर रंग बसत नाही, रंगवायच्या लाकडी खिडकीत ते वापरलं तर तिथे रंग कायम फाटलेला दिसणार.

रंग

लांबीवर लगेच रंग मारायचा नाही, वर पापुद्रा धरू द्या, हवेप्रमाणे एक ते दोन आठवडे लागतात. बोट लावल्यावर ठसा उठला नाही की तयार. पण महिनोन् महिने उघडी पण ठेवू नका, उन्हाने तडकते.

जुना रंग सगळा काढायची गरज नसते, जो सुटलाय तो खरवडा, जो घट्ट आहे त्याच्या कडा १२० नंबरच्या पेपरने उतरत्या करा, मग १८० किंवा २२० ने सगळं हलकं घासून ओल्या फडक्याने पुसा. जुन्या गुळगुळीत ऑइल पेंटवर न घासता नवीन हात मारला तर तो नखाने सोलून निघतो. उघडं पडलेलं लाकूड तेवढंच प्राइमर करा. लाकूड ओलं असताना रंग मारू नका, आत अडकलेली ओल उन्हात फोड आणते.

हँडल, कडी काढून ठेवा, हो, मास्किंग टेप लावून भागवण्यापेक्षा स्क्रू काढणं लवकर होतं. एक ते दीड इंची तिरप्या टोकाचा ब्रश घ्या. सकाळी लवकर सुरू करा म्हणजे संध्याकाळी खिडकी लावता येईल, पण भर उन्हातल्या बाजूला नको, रंग वरवर वाळून सुरकुत्या पडतात. आधी काचेलगतच्या बारीक पट्ट्या, मग पल्ल्याच्या आडव्या, मग उभ्या, चौकट शेवटी.

आणि ती २ मिमीची गोष्ट. रंग लांबीवरून पुढे काचेवर २ मिमी चढला पाहिजे, सगळीकडून. लांबी आणि काच यांच्यात पुढे मागे केसाएवढी फट पडतेच, तिच्यात पाणी शिरलं की खाली लाकूड कुजतं आणि लोखंड गंजतं. ही रंगाची बारीक रेघ ती फट झाकते. म्हणून मास्किंग टेप लावायची तर लांबीच्या रेघेपासून २ मिमी पुढे काचेवर लावा, अगदी रेघेला टेकवून नको. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत तिरपी ओढून काढा, उशीर झाला तर आधी ब्लेडने रेघ कापून घ्या.

ऑइल पेंटचे दोन हात, मधे एक रात्र, आणि मधे २२० चा पेपर हलकासा. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक इनॅमल काही तासांत वाळतो, वास पण कमी, पण वाळलेल्या हाताला हवेत घट्ट व्हायला काही दिवस लागतात, तोवर पल्ला चौकटीला चिकटतो. चिकटू नये म्हणून टेकणाऱ्या जागी मेण चोळा किंवा मधे पातळ प्लास्टिकची पट्टी ठेवून अर्धवट लावा. रबर, बिजागरीची पिन, ट्रॅक, पाण्याची भोकं यांना रंग लागू देऊ नका. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्या रंगवायच्या भानगडीत न पडलेलं बरं, थिनर लागलं तर पृष्ठभाग खराब होतो. ॲल्युमिनियम रंगवायचं तर हलकं घासून आधी ॲल्युमिनियमला पकड धरणारा प्राइमर, मग रंग, नुसता ऑइल पेंट त्यावर टिकत नाही.

शेवटी काचेवर उडालेले रंगाचे ठिपके. ते रंग सुकल्यावर काच साबणाच्या पाण्याने ओली करून नवीन ब्लेडने एकाच दिशेने काढा, कोरड्या काचेवर ब्लेड फिरवलं तर चरे पडतात, आणि टफन काचेवर तर ब्लेड टाळलेलंच बरं कारण तिच्या पृष्ठभागाला काही वेळा बारीक कण चिकटलेले असतात, ते ब्लेडखाली येऊन लांबच लांब ओरखडे ओढतात, तिथे मऊ फडकं आणि थोडं थिनर वापरा. साफ करताना कडेची ती २ मिमीची रेघ मात्र खरवडू नका, घरातलं कुणी तरी हमखास म्हणणार की इथे रंग काचेवर आलाय, त्यांना सांगा तो मुद्दाम आणलाय.